मधली पट्टी

गाडी आली, थांबली, आणि दारं उघडली ती धाकट्याच्या बाजूला.

थोरला अलीकडे, स्वतःच्या बांधावर उभा होता, कडक इस्त्रीचा सदरा घालून. पहिल्या गाडीचा पहिला प्रवासी तोच, असं रेल्वेच्या साहेबांनी जाहीर केलं होतं. बंद पडलेली ही लाइन पुन्हा सुरू व्हावी म्हणून त्याने कचेऱ्यांचे उंबरे झिजवले होते. गाव म्हणायचं, काय ही तळमळ!

तळमळ होतीच, फक्त जात वेगळी. ही लाइन दोघा भावांच्या शेतांच्या बरोबर मधून जायची. ती बंद पडली, रूळ उखडून नेले, आणि मधे ट्रॅक्टर जाईल एवढी पट्टी उरली. धाकटा म्हणाला, माझी. थोरला म्हणाला, माझी. आधी बोलणं बंद झालं, मग जाणं-येणं. आई गेली तेव्हाही दोघं दोन कोपऱ्यांत उभे राहून रडले. शेवटी थोरल्याने ठरवलं, मला नाही मिळाली तर नाही, पण त्याच्या घशात जाऊ द्यायची नाही. त्यापेक्षा रेल्वेच्या घशात गेलेली बरी. स्वतःचं नाक कापून भावाला अपशकुन करायचा, तर तो सरकारी इतमामात करावा.

फलाटासाठी जागा मागायला इंजिनिअर आला, तेव्हा तो म्हणाला, "माझी वीतभरही मिळणार नाही. पलीकडची घ्या, हवी तेवढी." धाकट्याने ती हूं की चूं न करता दिली. चांगली जिरली, म्हणत थोरला त्या दिवशी दोन घास जास्त जेवला.

"काका, तिकडून या!" गार्ड ओरडला.

तिकडून म्हणजे धाकट्याच्या फाटकातून. गाडीच्या शेपटामागून वळसा घालून थोरला मुकाट्याने गेला. फाटकात धाकटा उभाच होता. आता हा चारचौघांत टोमणा मारणार, म्हणून थोरल्याने दात आवळले.

धाकट्याने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

"दादा, मी मेला पट्टी पट्टी करत बसलो. आणि तू? आपलं भांडण मिटावं म्हणून अख्खी रेल्वे आणलीस!"

स्वतःची इतकी लाज थोरल्याला जन्मात वाटली नव्हती. गाडीने शिट्टी दिली.

"मग?" तो म्हणाला. "थोरला कोण आहे आपल्यात?"