गोदूआत्यांची आठवण

जेवायला वाढताना मृणाल म्हणाली, "गोदूआत्यांसारखी जाळीदार आंबोळी कुणालाच जमत नाही."

"अगं, मला नणंदच नव्हती. असती तर मी विसरले असते होय?" सासूबाई इंदुमती म्हणाल्या. कुठेच न जुळणारं एक नाव वंशवृक्षाच्या यंत्रानं त्यांच्या घरात बसवलं होतं आणि त्या बाईच्या आठवणी सगळ्यांच्या कानामागच्या चिपमध्ये उतरल्या होत्या. इंदुमतींनी चिप घेतली नव्हती.

"आई, काहीतरीच! तुमच्याच मांडीवर गेल्या त्या."

"कळव त्या यंत्राला, ती आपली नव्हे."

मृणालनं कळवलं. यंत्रानं पडताळून पाहिलं. गोदू सगळ्यांना आठवत होती, एकट्या इंदुमतींना नाही. म्हणून इंदुमतींचंच नातं अनिश्चित ठरलं.

मृणालच्या कानामागे दिवा लुकलुकला. तिचा हात थांबला.

"आजी," ती अदबीनं म्हणाली, "तुम्ही कोणाकडच्या?"