खरवड

सव्वासात वाजले तरी लापशी पातळच होती. ती पातेल्यात डाव फिरवत होती आणि दर चार फेऱ्यांनी घड्याळाकडे बघत होती. घड्याळ काही तिच्या बघण्याने हलत नव्हतं.

लिफ्ट बसवणारा तिचा नवरा आठ वाजता निघणार होता. काम परगावी, चार दिवसांचं. लग्नाला पाच महिने झाले होते आणि या चार दिवसांत घरात पहिल्यांदा दोघीच राहणार होत्या: ती आणि त्याची दहा वर्षांची लेक.

"माझा एक मोजा दिसत नाहीये," नवरा बाहेरून ओरडला.

"एकच घाल. लिफ्टला काय कळतंय!"

तो एका पायात मोजा घालून स्वयंपाकघरात आला आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "एवढी कसली धास्ती घेतलीयस? रोज तर खाते ती. काल काय म्हणाली? छान झालंय."

"'छान झालंय, तुम्ही कशाला एवढा त्रास घेतलात.' असं म्हणाली. मग वाटी धुऊन पालथी घातली. असं कोण वागतं, माहितीय? पाहुणे."

"शहाणी आहे पोर. चांगलंच आहे की."

"मला नकोय शहाणी! तुला 'अरे बाबा, गप रे' म्हणते. मला एकदा तरी म्हणू दे, 'काय गं हे केलंस?' नाक मुरडू दे, वाटी आपटू दे. चार दिवस मी मुलगी सांभाळायची की पाहुणी?"

तो दुसरा मोजा शोधायला गेला.

ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. थेंब मोजायची सवय घरीही सुटत नव्हती. ओट्स दीड वाटी, दूध तीन, पाणी एक. मिठाची चिमूटसुद्धा ती दोनदा बघून टाकायची. तिच्या हाताखाली लापशीची खाली लागायची हिंमत नव्हती. माहेरी मात्र सगळं खाली लागायचं, आणि ती खरवड खायला भावंडांची मारामारी व्हायची. पाहुण्यांना वरवरचं वाढायचं आणि पातेलं पळवायचं, अशी पद्धत होती. मोठेपणी ती पद्धत कुठे गेली कोण जाणे.

तिने आच बारीक केली आणि मुलीच्या खोलीशी गेली. दार अर्धवट उघडं होतं.

"उठलीस का गं?"

"हो. तुम्ही कशाला आलात, मी येतच होते." मुलगी चादरीची घडी घालत होती, कोपऱ्याला कोपरा लावून.

रात्री माझ्याजवळ झोपशील का, एवढंच तिला विचारायचं होतं. कालपासून ते ओठांवर होतं. पण विचारलं भलतंच. "लापशीत सफरचंद घालू की मनुका?"

"काहीही चालेल. तुम्हाला सोपं पडेल ते."

ती तिथेच उभी राहिली. मुलीने उशी झटकली, जागेवर ठेवली आणि एक वेणी घालायला घेतली.

मग वास आला.

ती धावत गेली. गॅस बंद केला, वरची लापशी घाईघाईने तीन वाट्यांत ओतली. खाली जाड तपकिरी थर बसला होता. आजच, नेमकं आजच! तिला रडू आलं. लापशीचं नव्हे, त्या चार दिवसांचं.

"जाऊ दे गं," नवरा दारातून म्हणाला. "पातेलं भिजत टाक."

तिने पातेलं नळाखाली धरलं आणि नळाला हात घातला.

"पाणी नको घालूस!"

मुलगी दारात उभी होती. एक वेणी घातलेली, दुसरीचे केस हातात. "थांब! खरवड आहे ना ती? वेडी आहेस का, पाणी काय घालतेस?" तिने येऊन पातेलं हिसकावलं, फरशीवर फतकल मारली आणि पातेलं मांडीत घेतलं. दुसरी वेणी सुटली ती सुटलीच.

नळावरचा हात तसाच राहिला.

"अगं ए," बाप म्हणाला, "मोठ्यांशी असं बोल—"

तिने त्याच्यावर डाव उगारला.

मुलीला यातलं काही कळलंच नव्हतं. ती जीव खाऊन पातेलं खरवडत होती. "हा चमचा वाकतोय. दुसरा दे ना गं. तो जाडा."

तिने जाडा चमचा दिला. आणखी काय करावं हे न कळून ती ओट्याला टेकून उभी राहिली.

"बस की. उभी काय राहिलीस?"

ती खाली बसली. गुडघ्याला गुडघा लागला. मुलीने चमच्याच्या टोकाने पातेल्याच्या तळावर मधोमध एक रेघ ओढली, डोळा बारीक करून दोन्ही बाजू तपासल्या आणि वाकडा चमचा तिच्या हातात दिला.

"ही माझी, ही तुझी. रेघ ओलांडायची नाही."

"आणि मला?" बापाने विचारलं.

"तुला ओट्यावर वाटी ठेवलीय ना, बाबा." मुलीने मान वर केली नाही. "वरचं खा तू."

त्याने वाटी उचलली. एका पायात मोजा, एक पाय अनवाणी. दोघी पातेल्यात डोकं घालून खरवडत होत्या, आणि रेघ कुणी ओलांडली यावरून भांडण सुरू झालं होतं. त्याने उभ्याउभ्याच एक घास घेतला.

"छान झालंय," तो म्हणाला.

कुणीच लक्ष दिलं नाही.