रविवार बापाचा

"ताठ उभा राहा. लढाईवरून आलायस, दवाखान्यातून नव्हे," म्हातारीने फौजीला दटावलं.

फौजीने गणवेशाची बाही पुन्हा वर दुमडली. "लांब होतेय, आई."

"होऊ दे. कुणी विचारलंच तर सांग, तिकडे माणूस वाळतो."

खाली रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. म्हातारीचा हात छातीशी गेला, मग काहीच झालं नाही अशा थाटात ओट्यावरचं फडकं उचलायला वळला.

सून, म्हणजे आता माजी सून, वर येणार नव्हती. घटस्फोटाच्या दिवशी तिने सांगितलं होतं, या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाही. बाई शब्दाची पक्की. कोर्टाने रविवार बापाला दिला होता. आजीला काही दिलं नव्हतं. बाप सीमेवर गेला आणि तीन वर्षं नातीचं पाऊल या जिन्याला लागलं नाही. "तो आला की पाठवीन," एवढंच उत्तर. म्हातारी तीन वर्षं एकटी जेवली. भांडायला कुणी उरलं नाही, तेव्हा रेडिओशी भांडली.

"गॅलरीतून हात हलव," ती म्हणाली. "टोपी राहू दे डोक्यावर."

फौजीने हात हलवला. पोरगी उतरली, गाडी निघून गेली.

पाच वर्षांची पोर दारातच थबकली. बाप गेला तेव्हा तिला धड बोलताही येत नव्हतं. नंतर बाप म्हणजे फोनवरचा तुटक आवाज. तिने फौजीला टोपीपासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"तू बाबा आहेस?"

फौजीने टोपी सारखी केली. म्हातारीच म्हणाली, "मग काय दूधवाला आहे? ये आत. माश्यांना आमंत्रण नको देऊस."

पोरगी खुर्चीच्या टोकावर बसली. म्हातारीने वाट्यांत दूध-पाव वाढला आणि फौजीचा चमचा उचलून डावीकडे ठेवला. त्याने डाव्या हाताने खायला घेतलं आणि निम्मं शर्टावर सांडलं.

"मोठा असून सांडतो," पोरगी म्हणाली.

"तिकडे चमचे नसतात गं."

पोरगी हसली नाही. "मम्मीने सांगितलंय, नाही आवडलं तर परत नको जाऊस."

म्हातारीची जीभ म्हणजे अडकित्ता. पण आत्ता तिने पोरीच्या वाटीत आणखी दूध ओतलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिथे एक रिकामा खिळा होता आणि त्याखाली रंगाचा उजळ चौकोन.

"फोनवर वाजवायचास ना, ती शीळ वाजव," पोरगी म्हणाली.

फौजीने चमचा खाली ठेवला. ओठ ओले केले. दोन लांब सूर, मग एक गिरकी, आणि शेवटी पाखरू ठेचकाळावं तसा एक तुकडा.

पोरगी खुर्चीवरून उतरली. सरळ त्याच्या मांडीवर चढली आणि त्याची टोपी स्वतःच्या डोक्यात घातली.

म्हातारीने पाठ फिरवली आणि लख्ख शेगडी पुन्हा घासायला घेतली.

"तिकडे रोज वाजवायचास?"

"रोज संध्याकाळी," फौजी म्हणाला. "खंदकात सगळ्यांना पाठ झाली होती."

दुपारी तो घोडा झाला, दुकानदार झाला, रोगी झाला. शेवटी पोरगी त्याच्या दंडावर झोपली. हाताला मुंग्या आल्या, तरी तो हलला नाही.

संध्याकाळी हॉर्न वाजला. पोरगी जिन्यातून दोनदा मागे वळली. "पुढच्या रविवारी पण?"

फौजीने म्हातारीकडे पाहिलं.

"येईल," म्हातारी म्हणाली. "न येऊन जातो कुठे!"

दार लागलं आणि खोली एकदम मोठी झाली. फौजीने गणवेश उतरवला, नीट घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि पिशवीतला आपला साधा शर्ट अंगात घातला. म्हातारीने गादीखालून तसबीर काढली, काचेवरून तळवा फिरवला आणि ती खिळ्याला लावली. तसबिरीतला उंच जवान डाव्या हातात कप धरून हसत होता.

"शीळ अगदी त्याच्यासारखी जमली," ती मागे न वळता म्हणाली. "जा आता घरी. तुझी आई जेवायची थांबली असेल. तिला तरी थांबून उपयोग आहे."