धड पाठ

नवा जिल्हा होऊन लातुरात कातडीचा डॉक्टर आला, त्याच वर्षीच्या दुष्काळात सिद्धम्माच्या छातीवर फोड उठले. तेही गळ्यातल्या लिंगाची डबी टेकते नेमक्या त्याच जागी. "देवालाच तू नकोशी झालीस! काय पाप केलंस, बोल!" म्हणत तिचा नवरा वीरभद्र तिला आसुडानं फोडून काढायचा. विहीर आटली त्या दिवशी तर आसुडाची वादी तुटली. फोड चिघळून ती रानात जाईना, तेव्हा कुठं त्यानं तिला दवाखान्यात आणलं.

"मलमानं जातंय आणि पुन्हा तिथंच उठतंय, म्हणजे अंगाला लागणारं काहीतरी सोसत नाही," डॉक्टर म्हणाला. "नेमकं काय ते कळायला पाठीवर निरनिराळ्या धातूंच्या, औषधांच्या पट्ट्या चिकटवून दोन दिवस ठेवू." पदर बाजूला झाला आणि पाठभर आसुडाचे वळ दिसले. "पट्ट्या धड कातडीवरच लागतात. पाठ भरून येईस्तोवर आणि पुढं पट्ट्या निघेस्तोवर हिला बोट लावायचं नाही."

वीरभद्र दात खात राहिला, पण आसूड खुंटीवरून उतरला नाही. पाठ भरली, पट्ट्या लागल्या, निघाल्या.

"डबीचा धातू सोसत नाही. लिंग कापडात बांधा. हिचं काही पाप नाही."

बाहेर येताच वीरभद्रानं तिचं मनगट पिरगाळलं. "परक्या माणसाला पाठ दाखवून माझी इज्जत घालवलीस. चल घरी, दावतो."

हात सोडवून सिद्धम्मा पुन्हा आत गेली आणि डॉक्टरकडं पाठ करून बसली.

"सायेब, आनखी पट्ट्या लावा. ह्या डावाला लवकर काढू नगा."