शिशाची गोळी

टोमासचे पाय सकाळपासून बधिर होत चालले होते. आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डच्या हॉस्पिटलात डॉक्टर स्वरांगीला त्याचा एमआरआय तातडीने हवा होता, पण एक्स-रेमध्ये मणक्याला चिकटून पिस्तुलाची एक जुनी गोळी दिसत होती.

"गोळी नुसत्या शिशाची आहे, की वर धातूचं आवरण आहे?" तिने विचारलं. "शिशाची असेल तर भीती नाही. आवरणात पोलाद असेल, तर मशीनचं लोहचुंबक तिला जागेवरून हलवेल."

"सत्त्याहत्तर सालची गोष्ट, डॉक्टर. पाठीमागून आली. कोणी झाडली ते पोलिसांनाही सापडलं नाही." म्हातारा क्षणभर डोळे मिटून पडला. मग म्हणाला, "माझ्या भावाला फोन लावा. पॉड्रिगला विचारा."

पॉड्रिगने तिला प्रश्न पुन्हा एकदा सांगायला लावला.

"प्लीज, लवकर सांगा. त्यांचे पाय कायमचे जातील!"

"शिशाची," तो अखेर म्हणाला. "मीच वितळवून साच्यात ओतली होती. आवरण नव्हतं. न्या त्याला आत."

स्वरांगीने हात केला, तसं स्ट्रेचर आत गेलं. फोन तिच्या कानाशीच होता.

"मला विचारा, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांनीच."



"चाळीस वर्षं दर रविवारी तो माझ्याकडे जेवायला येतोय, डॉक्टर," पॉड्रिग म्हणाला. "मला वाटायचं, त्याला माहीत नाही."