गणवेशाचं माप

“वय विचारलं तर?”

“पंधरा.”

“आणि नाव?”

मुलीनं फायलीतलं नाव सांगितलं. स्वतःचं नाही. बाईंनी तिची वेणी सोडून पुन्हा घट्ट घातली. अकरा वर्षांच्या पोरीला पंधराची करायला वेणी काय कामाची? पण हात स्वस्थ बसत नव्हते.

संस्थेची ही एका खोलीची शाळा. शहरातली माणसं गावातल्या एकेका मुलीचं पालकत्व घ्यायची, तिच्या शिक्षणाचं सगळं बघायची. एक नियम मात्र जालीम. मुलीनं शाळा सोडली की फाइल बंद, आणि पालक दुसऱ्या गावातल्या मुलीला. म्हणून पहिली मुलगी आईबापांबरोबर काम शोधायला परगावी गेली, तेव्हा बाईंनी वर कळवलंच नाही. तिच्या नावावर दुसरी बसवली. दुसरीची आई वारली, ती भावंडं सांभाळायला घरी राहिली, तेव्हा ही तिसरी. सात वर्षांत एका नावावर तिघी शिकल्या. बाईंना यात पाप वाटत नव्हतं. भीती मात्र रोज वाटायची.

आणि आज पालक स्वतः येत होत्या.

मुली त्यांना पत्रात मावशी म्हणायच्या. मावशी शिवणकाम करायच्या. लग्न केलेलं नव्हतं. दर वर्षी माप मागवायच्या आणि गणवेश आपल्या हातानं शिवून पाठवायच्या. फोटो पाठवायचा नाही हा संस्थेचाच नियम, त्यावर बाईंचं आजवर निभावलं होतं. एकदा मावशींनी लिहिलं होतं, ‘चाळीस वर्षं लोकांच्या मुलांचे कपडे शिवले. वहीत एक तरी माप माझ्या घरचं असावं, असं फार वाटायचं.’ ते पत्र वाचून दाखवताना बाईंना मध्येच थांबावं लागलं होतं.

मावशी आल्या त्या एकट्याच, बसनं, हातात मोठी पिशवी घेऊन. चहा नको म्हणाल्या, खुर्ची नको म्हणाल्या. दारातच उभ्या राहून मुलीकडे बघत राहिल्या. सात वर्षांचं बघणं एकदम उरकायचं असल्यासारखं. मग पुढे झाल्या आणि तिची कॉलर उगाचच नीट केली.

“मी पंधरा वर्षांची आहे,” मुलगी न विचारताच म्हणाली.

बाईंनी डोळे मिटले.

“हो का?” मावशी हसल्या. “मग सरळ उभी राहा बघू, बाळ.” त्यांनी पर्समधून टेप काढली. खांदा, छाती, बाही, उंची. वहीत आकडे लिहिले. लिहिताना त्यांचं बोट मागच्या पानांवरून फिरत होतं.

“बाई, पोरी उंच होतात, भरतात, कधी वाळतातही,” मावशी वहीतून मान वर न करता म्हणाल्या. “पण माझी पोर तिसऱ्या वर्षी चार बोटं बुटकी झाली. सहाव्या वर्षी पुन्हा.”

खोटी वयं, खोटी नावं सगळी सांभाळली होती. मापं मात्र बाईंनी दर वर्षी खरी पाठवली होती. गणवेश अंगाला बसायला नको का?

“चूक माझी आहे, मावशी.” बाई हात जोडून उभ्या राहिल्या. “मला काय ते बोला. वर कळवा हवं तर. पण हिची शाळा नका हो बंद करू. हुशार आहे पोर.”

मुलगी रडायला लागली. मावशींनी तिला जवळ ओढलं आणि पदरानं तिचं नाक पुसलं.

“तुम्हाला ठाऊक होतं,” बाई म्हणाल्या, “मग विचारलं का नाहीत इतकी वर्षं?”

“विचारलं असतं तर तिघीही गेल्या असत्या माझ्या हातातून.”

मावशींनी पिशवी उघडली. आत तीन नवे पोशाख होते, एकाहून एक मोठे. मोठे दोन अंदाजानं शिवलेले, शिवणीत भरपूर कापड राखून. ते दोन्ही त्यांनी छातीशी धरले आणि दाराबाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं.

“आता सांगा बाई, माझ्या थोरल्या दोघी कुठं आहेत?”