गार होईपर्यंत

मोहनरावांनी विमानाच्या पंखावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री टेकवली. चर्र झालं. पंखावरचा लाल कागद आक्रसला, त्याला भोक पडलं आणि दोन हात लांबीचा तो पंख उन्हातल्या पापडासारखा वाकडा झाला.

"आबा! पाणी मारलं व्हय त्याच्यावर?" राजनंदिनी स्वयंपाकघरातून धावत आली. हाताला पीठ तसंच होतं.

"मग? इस्त्री काय कोरडी करत्यात?" मोहनराव लेकीला म्हणाले.

सोसायटीचे चेअरमन झाल्यापासून ते आपले खळीचे पांढरे कपडे स्वतःच इस्त्री करत आले होते. पाणी मारायचं, बटण सुतीवर न्यायचं आणि अंगाचा सगळा भार द्यायचा. कडक इस्त्रीपुढं न नमणारी वस्तू त्यांना आजवर भेटली नव्हती.

विमान राजनंदिनीचं. त्याला इंजिन नाही, बॅटरी नाही. हातानं फेकायचं आणि वाऱ्यावर सोडून द्यायचं. बारामतीला कॉलेजात असताना तिनं ते हलक्या लाकडाच्या काड्या जोडून केलं होतं. पण ते कधी उडालंच नाही. स्पर्धेच्या दिवशीच वरकुट्याची मंडळी तिला बघायला आली. "पाहुणे मोठे हायत. इमान काय, पुढच्या वर्षी बी उडंल," असं मोहनराव तेव्हा म्हणाले होते. पुढच्या वर्षी ती वरकुट्यात नांदत होती आणि विमान माळ्यावर उंदरांच्या तोंडी होतं.

यंदा ती माहेरी येणार म्हटल्यावर मोहनरावांनीच ते खाली काढलं. पुण्याला जाऊन प्लास्टिकचा तो पातळ कागद आणला, इस्त्रीच्या उष्णतेनं ताणून बसणारा. कॅनॉलच्या कडेचा ऊस तुटून गेला होता, रान मोकळं होतं. आज ती सासरी जायच्या आत विमान उडवायचं, एवढंच त्यांनी मनात धरलं होतं. एकदा तिला ते उडवताना बघायचं होतं.

"गेलं का समदं वाया?" त्यांनी विचारलं. आवाज चेअरमनचा नव्हता.

तिनं पंख उचलून, एक डोळा मिटून, टोकाकडून बघितला. "भोकाला ठिगळ लावू. पीळ पडलाय, तो बी काढता येतो. पण एकट्याचं काम न्हाय. तुमी धरा."

तिनं हात धुतले, ओढणी कमरेला बांधली, इस्त्रीचं बटण रेशमावर आणलं आणि भोकावर लाल तुकडा बसवला. "पडलाय त्याच्या उलटा पिळा. अजून. मोडत न्हाय, आबा, भिऊ नका. हां. आता हलायचं न्हाय."

इस्त्री कागदाला लागते न लागते अशी ती फिरवू लागली. सुरकुत्या एकेक करून गेल्या. खालचा ओठ दातात धरून काम करायची तिची जुनी सवय होती. ती अजून आहे हे मोहनरावांना आज कळलं. त्यांचे हात भरून आले, पण बरं वाटत होतं. लेकीनं हुकूम सोडावेत आणि आपण मुकाट ऐकावेत, हे आधी सुचलं असतं तर!

"नंदा," ते म्हणाले, "तवा मी चुकलो. त्या दिवशी तुला जाऊ द्याया पायजे हुतं."

इस्त्री थांबली. एका जागी राहिली तर कागद वितळतो, म्हणून लगेच पुढं गेली.

"सुटला बघा पीळ," ती म्हणाली. "पण हात काढू नका. गार हुईस्तोवर असंच धरायचं. आधी सोडलं, तर परत वाकडा हुतो."

बाहेर हॉर्न वाजला. मोहनरावांच्या पत्नी, लीलाबाई, फाटकाकडून घाईनं आत आल्या. "जावईबापू आलं गं. च्यालासुदीक थांबत न्हाईत. वरकुट्याला घरी पाहुणे यायचे हायत म्हणं."

राजनंदिनीनं इस्त्रीचा प्लग काढला, ओढणी सोडली. "पुढच्या वेळी उडवू, आबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता, तर मोहनरावांना जरा हलकं वाटलं असतं.

ती पाया पडली. त्यांचे दोन्ही हात पंखात गुंतलेले. तिच्या डोक्यावर हात ठेवायचा राहूनच गेला.

"अहो, या की भाईर! पोरगी निघाली," लीलाबाईंनी फाटकातून हाक मारली.

"कसा येऊ? हात मोकळे न्हाईत," मोहनराव आतूनच म्हणाले. अर्धा तास थांबा, एवढंच जावयाला सांगायचं होतं. सभेत तास-तास बोलणाऱ्या माणसाला तेवढं बोलवलं नाही.

गाडीची दारं लागली. कॅनॉलच्या पुलापर्यंत गाडीचा आवाज येत राहिला, मग तोही गेला.

लीलाबाई परत आल्या, तरी ते तसेच उभे होते, पंख उलटा पिळून धरलेला.

"गेली गाडी," त्या म्हणाल्या. "सोडा की आता ते."

"गार हू दे जरा."

लीलाबाईंनी पंखावर तळहात ठेवून बघितला. पंख कधीच गार झाला होता.